पुढे सरकणारी रोवणी

आमच्या वहिनीने जिल्हा परिषदेची निवडणूक लढवली, त्या वर्षी सगळ्या तालुक्याचं बालपण गरिबीत गेलेलं निघालं. ज्याचं पत्रक हातात घ्यावं तो अनवाणी शाळेत गेलेला. ज्याचं भाषण ऐकावं त्याच्या आईने चुलीच्या उजेडात त्याला पाढे शिकवलेले. शेजारच्या गटातल्या एका उमेदवाराच्या वडिलांकडे आमच्या भागातली पहिली जीप होती आणि तो माझ्याच वर्गात होता. त्याचे काळे बूट मला अजून आठवतात, कारण पावसाळ्यात तो ते आम्हाला धरायला लावून ओढा ओलांडायचा. त्याच्याही पत्रकात काटे रुतलेले पाय होते. मी ते पत्रक घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि म्हटलं, हे असं असेल तर आमच्याकडे तर खरा माल आहे.

ही माझी पहिली चूक. वहिनीच्या आयुष्याला मी माल समजलो.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या तालुक्याच्या गावापासून थोड्या आतल्या आमच्या गावात ती लग्न होऊन आली, तेव्हा मी सहावीत होतो. आई-बाप दोघंही तोवर गेलेले. घरात दादा, मी आणि एक भाकड गाय. तिने आल्या आल्या गाय विकायला लावली आणि मला शाळेत पाठवलं, कारण दादाचा विचार नेमका उलटा होता. सहावीतल्या पोराला ती पहिल्या दिवसापासून 'भाऊजी' म्हणाली आणि अहोजाहो करू लागली. मी मात्र तिला अगंतुगंच करत आलो. आज मी निवृत्त मास्तर आहे, केस पांढरे झाले, तरी आमच्यातला हा हिशेब बदलला नाही.

ती स्वतःहून उभी राहिली नाही. गावातल्या आरोग्य उपकेंद्रात नर्सबाई राहायला यावी म्हणून तिने चंद्रपूरला इतक्या चकरा मारल्या होत्या, की बसचा कंडक्टर तिला जागा धरून ठेवायचा. जिल्हा परिषदेची आमची जागा बाईसाठी सुटली तेव्हा बचत गटाच्या बाया घरी आल्या आणि म्हणाल्या, बाई, तुमीच उभ्या राहा. दादा खाटेवर बसून सुपारी कातरत होता. तो म्हणाला, "मले काय इचारता, तिले इचारा." वहिनीने बायांना चहा पाजून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "भाऊजी, फारम कसा भरते थे पाहा." झालं, अपक्ष म्हणून अर्ज भरला. चिन्ह मिळालं टेबल. वहिनीने आयुष्यात टेबलाशी बसून एकही काम केलेलं नव्हतं.

समोर एका राइस मिलवाल्याची सून होती. तिची गाडी गावोगाव फिरायची आणि त्यावर लिहिलेलं असायचं, कष्टकऱ्याची लेक. मला राग आला. आता मला राग यायला फारसं काही लागत नाही, पण हा राग मी कामाला लावला. मास्तरकीच्या काळात दर मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, आमच्या मंडळाचं नाटक व्हायचं आणि ते मी लिहायचो. आमच्या झाडीपट्टीत नाटकाला माणसं थंडीत घोंगडं पांघरून पहाटेपर्यंत बसतात आणि तिसऱ्या अंकात रडू आलं नाही तर लेखकाला तोंडावर सांगतात. मला तिसरा अंक जमायचा. आता म्हटलं, वहिनीचा तिसरा अंक आपण लिहू.

तिला समोर बसवलं, वही घेतली आणि म्हटलं, "सांग, तुही कहाणी सांग."

ती तांदूळ निवडत होती. "काय सांगू? रोवलं, खाल्लं, झोपलं."

"असं नाई. दुःखाचं सांग."

"दुःखाचं कायचं आलं आता मधातच," ती म्हणाली आणि एक खडा काढून बाजूला ठेवला.

पण मला माहीत होतं ते मी लिहिलं. ती वीस-बावीस वर्षं लोकांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोपांची रोवणी करायला गेली होती, हे खरं. आपला तान्हा पोरगा धुऱ्यावर, खाचराच्या बांधावर, झोळीत झोपवून ती चिखलात उभी राहायची, हेही खरं. त्या मजुरीवर माझं डी.एड. झालं, हे तर सगळ्यात खरं. त्यात मी थोडी उपासमार घातली. वहिनीने ते वाक्य ऐकून हात थांबवला. "उपाशी कोन होतं भाऊजी? तुमच्या दादाइनं आयकलं तं त्याइले काय वाटन?" दादाने आतून ऐकलंच होतं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. उपासमार मी खोडली, पण मनातून मला ती हवी होती.

मग व्हिडिओ काढायचं ठरलं. हल्ली पत्रक कोणी वाचत नाही, मोबाइलवर जे फिरतं तेच खरं. मूलमध्ये लग्नाचे व्हिडिओ काढणारा एक फोटोग्राफर माझा जुना विद्यार्थी. त्याने वर उडणारा कॅमेराही आणला. माघ महिना होता, पण तलावाखालच्या बांध्यांत उन्हाळी धानाची रोवणी सुरू झाली होती, म्हणजे चिखल तयार मिळाला. वहिनीला म्हटलं, तू फक्त उतर आणि रोव, बाकी आम्ही पाहतो.

वहिनीने लुगड्याचा ओचा खोचला आणि ती चिखलात उतरली. रोपांची पेंढी सोडली, डाव्या हातात मूठ घेतली आणि वाकून रोवायला लागली. तेवढ्यापुरती ती पासष्टीची राहिलीच नाही. हात पाण्यात जातोय आणि बाहेर येतोय, मागे रोपं सरळ ओळीत उभी. मी कॅमेरा विसरून पाहत राहिलो.

फोटोग्राफर मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "सर, हे चालणार नाही. बाई मागे मागे जात आहेत. दूर जाताना दिसतात. उमेदवार जनतेकडे आला पाहिजे."

मला ते एकदम पटलं. नाटकातही नायिका मागे सरकत संवाद म्हणत नाही. मी धुऱ्यावरून ओरडलो, "वहिनी, पुढं पुढं ये. कॅमेऱ्याकडं."

तिने मान वर केली. "रोवतानी पुढं कोन येते? रोवलेलं तुडवू का?"

"दोनच मिनिटं. फोटोपुरतं."

"लोकं काय म्हनतीन?"

"लोकाइले काय समजते," मी म्हणालो.

हे मी म्हणालो. धानाच्या मुलखात, जिथे घरटी दोन बाया रोवणीला जातात तिथे, धानावर पोसलेल्या एका मास्तराने हे म्हटलं. आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते. वहिनी एक क्षण माझ्याकडे पाहत राहिली. मी शिकलेला, मला कळत असणार, असं तिला नेहमीच वाटत आलेलं. ती वाकली आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून, आपणच रोवलेल्या रोपांवर पाय देत, पुढे पुढे आली.

व्हिडिओला आवाज मी दिला. नाटकातला, छातीतून काढलेला. पार्श्वभूमीला बासरी घातली. शेवटी वहिनी मान वर करते आणि पडद्यावर टेबल येतं. मला स्वतःलाच पाहताना डोळे भरून आले. सकाळी तो मोबाइलवरच्या गटागटांत सोडला आणि दुपारपर्यंत तो तालुकाभर झाला. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता आम्ही शेजारच्या गावात प्रचाराला गेलो. रस्ता जंगलातून जातो आणि त्या दिवसांत वाघ दिसल्याची बातमी होती, म्हणून उजेडातच परतायचं ठरवून निघालो होतो. समाजमंदिरासमोर बाया जमल्या. बहुतेक रोवणीवरूनच आलेल्या, पोटऱ्यांवर चिखल वाळलेला. त्यातल्या अर्ध्या बाया वहिनीला ओळखत होत्या, कारण जुन्या काळी दोन्ही गावांच्या बायांची टोळी एकत्रच रोवायला जायची. वहिनी हात जोडून उभी राहिली. मी माइक तपासत होतो. तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी, वहिनीहूनही मोठी, तोंडातला तंबाखू गालात सरकवत म्हणाली, "बाई, तुमी पुढं पुढं रोवून राह्यल्या म्हंते. आमाले बी शिकवा ना. आमी तं जनमभर मांगंच सरकलो."

सगळ्या बाया हसल्या. खळखळून, पदर तोंडाला लावून हसल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "फोटोवाली रोवनी हाय ते." आणखी कोणी म्हणालं, "इलेक्शन आलं का सगळेच रोवते, माय." हसणं वाईट नव्हतं. त्यांनी त्या आठवड्यात बरेच उमेदवार ऐकले होते आणि त्यांच्या हिशेबी वहिनी त्यातलीच एक झाली होती, एवढंच.

वहिनीचं तोंड उतरलं.  मी माइकवरून काहीतरी बोलायला लागलो, तर तिने माझ्या हाताला हात लावून मला थांबवलं. आम्ही चहा घेऊन निघालो. परतीच्या ऑटोत ती पूर्ण वाटभर जंगलाकडे पाहत होती. घरी पोचल्यावर तिने अंगणात पाय धुतले, पदराला हात पुसले आणि मग माझ्याकडे वळली.

"भाऊजी, मी हरली तरी चालन. पन त्या बायाइनं मले खोटी म्हनलं. त्याइच्यासंगं मी रोवलं. आता त्या म्हनतीन, हिनं कधी चिखलात पायच नाई टाकला." तिने धुतलेल्या पायांकडे पाहिलं. "तुमी असं काऊन केलं?"

 चाळीस वर्षं मुलांना उत्तरं देत आलेला माणूस तिथे मान खाली घालून उभा राहिला. मी म्हणालो, आपण दुसरा व्हिडिओ काढू, बरोबर काढू, मागे सरकणारा. ती म्हणाली, "नको. आता कायी काढू नका." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या सकाळी ती घरात नव्हती. दादा म्हणाला, डबा घेऊन गेली त्या गावाले, रोवणीले. "मी म्हनलं येतो संगं, तं नाई म्हने. मास्तरले सांगजा, फोन घेऊन येऊ नका, म्हने."

फोन मी घेऊन गेलो नाही असं इथे लिहिलं तर ते खोटं होईल, आणि एकदा खोटं दाखवून माझं पोट भरलं आहे. अकराच्या सुमारास मी सायकलवर निघालो तेव्हा फोन खिशात होता. रस्त्यात स्वतःला सांगत होतो, फक्त तिला घ्यायला चाललोय.

तलावाच्या खाली मोठी बांधी होती. पंधरा-वीस बाया एका ओळीत वाकून मागे मागे सरकत होत्या. मला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या आणि त्यात वहिनी कोणती ते मला पटकन ओळखू येईना. याचीच मला मोठी गंमत वाटली आणि थोडी लाजही. मग ओळखली, तिच्या निळ्या लुगड्यावरून. तिच्या बाजूला तीच म्हातारी होती.  रोवणारी बाई बाजूच्या बाईच्या चालीनेच सरकते, एकीने पुढे जायचं किंवा मागे राहायचं म्हटलं की ओळ मोडते. ओळ कुठेही मोडलेली नव्हती. माझा हात खिशाकडे गेला.

"भाऊजी, आत राहू द्या," वहिनी मान वर न करता म्हणाली. माझी सायकल तिने आवाजावरून ओळखली होती.

मी धुऱ्यावर बसलो. माझी ही जुनी जागा. शाळा सुटली की मी वहिनीचा डबा घेऊन शेतात जायचो. माझ्याएवढी पोरं चिखलात फिरायची, रोपांच्या पेंढ्या आणून द्यायची, एकमेकांवर पाणी उडवायची. मी उतरायला लागलो की वहिनी बांधीतून ओरडायची, "भाऊजी, तिथंच राहा. धुऱ्यावरच बसा. पुस्तक काढा." मला फार अपमान वाटायचा. तिला वाटतं आपल्याला काही येत नाही, असं मी धरून चाललो होतो. मग मी तिथेच बसून नाटकांचे संवाद पाठ करायचो. बाया वाकलेल्या आणि मी धुऱ्यावर राजाचा संवाद म्हणतोय, असं ते दृश्य असायचं.

थोड्या वेळाने म्हातारीने पाठ सरळ केली आणि माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, बसून काऊन राह्यले? इथी पेंढ्या सरल्या. त्या धुऱ्यावरच्या पेंढ्या आना आन फेका."

तिने ते गमतीने म्हटलं होतं, पण मला ती संधीच वाटली. मी चप्पल काढली, पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि उतरलो. पहिल्याच पावलाला चिखलाने पाय धरला. दुसरा पाय टाकताना पहिला निघेना. दोन्ही हातांत पेंढ्या घेऊन मी कसाबसा बायांजवळ पोचलो आणि त्यांना वाकून लांब जावं लागू नये म्हणून, माझ्या मते फार समजूतदारपणे, एकेक पेंढी प्रत्येकीच्या पुढ्यात टाकली.

पेंढ्या धपाधप नुकत्याच रोवलेल्या ओळींवर पडल्या. रोपं आडवी झाली.

ओळ थांबली.  मग म्हातारी हळूच म्हणाली, "मास्तर, आमी मांगं सरकतो ना. पेंढ्या मांगं पाह्यजे." आणि मग सगळी बांधी हसायला लागली. काल हसल्या त्याच्या दुप्पट. मी चिखलात गुडघ्यापर्यंत रुतून उभा होतो आणि धड बाहेर पडता येत नव्हतं, धड हसता येत नव्हतं. आमच्या भागात हे काम दहा वर्षांच्या पोराला येतं. शिकवावं लागत नाही.

म्हातारी हसता हसता थांबली. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वहिनीला म्हणाली, "बाई, हा तुमच्याच गावचा ना? धानातला मानूस आन यानं चिखल नाई पाह्यला का कधी?"

वहिनी सरळ उभी राहिली. कमरेवर चिखलाचा हात ठेवला. "नाई," ती म्हणाली. "मी उतरूच नाई देल्लं. मी म्हनलं, मी उतरते तं बस हाय. एकजन तं धुऱ्यावर राहू दे."

ती हे कोणाला पटवायला म्हणाली नाही. म्हातारीने विचारलं, तिने सांगितलं. पण मी ते पहिल्यांदा ऐकत होतो. पन्नास वर्षं मी जो अपमान समजत होतो तो काय होता, ते मला त्या चिखलात उभं राहून कळलं आणि मी सगळ्या बायांसमोर रडलो. तिसऱ्या अंकात लोकांना रडवणारा मी, माझ्याच रडण्याला बासरी नव्हती आणि गरजही नव्हती.

 म्हातारी माझ्या रुतलेल्या पायांकडे पाहत होती. मग म्हणाली, "म्हंजे तो विडिओ यानंच काढला."

"हाव," वहिनी म्हणाली.

"तरीच." तिने आडवी झालेली रोपं एकेक उचलून पुन्हा रोवायला घेतली. "मंग हे सांगाचं होतं ना, बाई. रोवनीचं काऊन सांगतलं? रोवते तं आमी सगळ्याच. एकाले वर ठेवनं नाई जमलं आमाले."

दुपारी त्यांनी धुऱ्यावर बसून डबे सोडले. वहिनीच्या डब्यातली भाजी म्हातारीने घेतली आणि तिची चटणी वहिनीने. मतांचं कोणी काही बोललं नाही. मला एका बाईने हात धरून बाहेर काढलं होतं आणि मी पाय पाटाच्या पाण्यात धरून बसलो होतो. घरी येऊन मी तो व्हिडिओ जिथून जिथून काढता आला तिथून काढला. फोटोग्राफरला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, सर, पण छान झाला होता. मी म्हटलं, छान झाला होता, तेच तर.

वहिनी निवडणूक हरली. राइस मिलवाल्याची सून निवडून आली आणि ती काही वाईट काम करते असंही नाही. त्या शेजारच्या गावाने मात्र टेबलाला एकगठ्ठा मतं दिली, असं मोजणीच्या दिवशी आम्हाला कळलं. वहिनीने ते ऐकलं आणि फक्त विचारलं, "त्या बुढीनं देल्लं असन का?" दादा म्हणाला, देल्लं असन. तेवढ्यावर तिचं समाधान झालं. नर्सबाईसाठी ती अजून चंद्रपूरला जाते आणि कंडक्टर अजून जागा धरतो.

आषाढात आमच्या बांधीत रोवणी लागली. दुपारी मी डबा घेऊन गेलो. बाया ओळीत होत्या, वहिनी मधे. मी चप्पल काढली, पँट वर केली आणि पाय खाली टाकणार इतक्यात ती, न पाहताच, सवयीने म्हणाली, "भाऊजी, तिथंच."

मी थांबलो. डबा हातात, एक पाय हवेत.

ती मग सरळ झाली. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली, माझ्या पांढऱ्या केसांकडे, उघड्या पायांकडे. आणि म्हणाली, "या. आता या. पेंढ्या मांगं फेकजा."